थ्रॉटल बॉडीला जाणारं कूलंट कोकणात बायपास करावं का?

सप्तलिंगी_काठ :
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटरची, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. रोज देवरुख-रत्नागिरी आणि अधूनमधून साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. यंदाचा पाऊस सरल्यापासून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीतली पातळी हळूहळू उतरतेय. गाडीखाली थेंब दिसत नाही, तापमानाचा काटाही वर जात नाही. शेवटी एअर फिल्टरचा डबा उतरवून टॉर्च मारला. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी चकती असते त्या भागाच्या) पोटाला करंगळीएवढे दोन रबरी पाइप लागतात. त्यातल्या एकाच्या तोंडाशी हिरवट पांढरी पापडी धरली होती. क्लिपचा गंज नखाने सुटत होता आणि रबर दाबलं तर दबतच नव्हतं.

इथल्या मेकॅनिकचं म्हणणं असं: "हे पाणी थ्रॉटल गरम ठेवायला असतं, बर्फ पडतो त्या मुलखासाठी. आपल्याकडे त्याचं काय काम? दोन्ही पाइप काढतो, तोंडं बंद करतो. गळती जाईल, शिवाय हवा गार जाईल, पिकअप वाढेल." माणूस अनुभवी आहे, त्याच्या हातची कामं टिकतात, म्हणून त्याचं बोलणं उडवून लावावंसं वाटत नाही. पण कंपनीने घातलेली वस्तू काढायची तर ती तिथे कशासाठी होती हे आधी कळायला हवं. ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांना यामागचं गणित ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रापण :
ह्यो प्रश्न माझो पण आसा. मालवणात खारो वारो क्लिपा एका पावसात खावन टाकता. वाचतंय.

लाल_माती :
मी केलंय, आधीच्या गाडीला. गाव चिपळूण, राहायला पुण्यात, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचा. बायपास करण्याआधी गाडी तापल्यावर थ्रॉटलला हात लावला की चटका बसायचा. नंतर बोट आरामात ठेवता यायचं. गार हवा म्हणजे दाट हवा, जास्त ऑक्सिजन. चढाला गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली. करून घ्या, खर्च काहीच नाही.

डोलकाठी :
जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली, आता गुहागरला असतो. या विषयात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत, ते सुटे करून लिहितो.

पहिला प्रश्न बर्फाचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असतो तेव्हा थ्रॉटलची चकती जेमतेम उघडी असते. हवा तिच्या कडेच्या फटीतून प्रचंड वेगाने घुसते. वेग घेताना तिथल्या तिथे तिचं तापमान उतरतं, तिच्यातली वाफ चकतीच्या कडेवर जमते, आणि बाहेरची हवा मुळातच शून्याच्या आसपास असेल तर तिथे बर्फ धरतो. मग चकती अडकते. इंजिन बंद पडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाय उचलला तरी रेस उतरत नाही. म्हणून बॉडीच्या भिंतीतून गरम पाणी खेळवतात.

कार्ब्युरेटरच्या काळात हा त्रास जास्त होता. तिथे पेट्रोल चकतीच्या आधीच हवेत मिसळायचं, आणि उडून जाताना आजूबाजूची उष्णता शोषून घ्यायचं. त्याने हवा २० अंश, कधी त्याहूनही जास्त थंड व्हायची. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांत आजही कार्ब्युरेटर असतात. त्या वैमानिकांना शिकवतात की बाहेर २१ अंशांपेक्षा कमी आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर बर्फाला विशेष जपा. त्या हिशेबाने पावसाळ्यातली आंबोलीसुद्धा धोक्याची हवा ठरते. तुमच्या गाडीत मात्र पेट्रोल थेट इनटेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जातं, थ्रॉटल पार केल्यानंतर. थ्रॉटलमधून नुसती हवा जाते. म्हणून दमटपणा कितीही असला तरी बाहेर गोठणबिंदूजवळचा गारठा असल्याशिवाय तिथे बर्फ धरत नाही. किनाऱ्यावर ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा १५ च्या खाली उतरत नाही. तुमचा मेकॅनिक इथपर्यंत बरोबर आहे.

दुसरा प्रश्न ताकदीचा, त्याबद्दल संध्याकाळी लिहितो. आकडेमोड करावी लागेल.

हर्णैचा_वारा :
डोलकाठी काका, दापोलीला थंडीच्या दिवसांत कधीकधी पारा एक आकडी होतो, धुकंही असतं. शिवाय आम्ही पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातो. वेण्णा लेकच्या परिसरात काही वर्षी दव गोठतं, फोटो येतात पेपरात. तिथे काय?

डोलकाठी :
दापोलीच्या ८-९ अंशांत आजच्या इंजेक्शन इंजिनाला भीती नाही. वेण्णा लेकला दव गोठतं ते जमिनीलगत, गवतावर आणि टपांवर, उघड्या आकाशाखाली उष्णता निघून गेल्यामुळे. माणसाच्या उंचीवरची हवा त्या वेळी त्याहून उबदार असते. आणि इंजिन तापलं की बोनेटखालचीच हवा आजूबाजूचं धातू गरम ठेवते. तशा पहाटे गाडी सुरू करून लगेच घाटाला लागायचं असेल तर थोडी सावधगिरी बरी, एवढंच. पण कोणी इथून गाडी घेऊन थंडीत हिमाचल किंवा काश्मीरला जाणार असेल तर त्याने ही लाइन अजिबात तोडू नये. उतारावर पाय काढलेला असताना चकती अडकणं हा प्रसंग घाटात कोणावर येऊ नये.

पाना_पक्कड :
कुडाळला आमचं गॅरेज आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. सप्तलिंगी_काठ, तुमच्या मेकॅनिकच्या वाक्यात मला खटकलं ते बर्फाचं नाही, "तोंडं बंद करतो" हे खटकलं.

ते दोन पाइप म्हणजे निव्वळ थ्रॉटलसाठी ओढलेली फांदी असेलच असं नाही. बऱ्याच इंजिनांत हेडमधली (इंजिनाच्या वरच्या भागातली) हवा याच बारीक वाटेने वर चढून बाटलीत निघून जाते. काहींत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा व्हॉल्व्ह) बंद असताना पाणी फिरतं ठेवायला ही वाट उपयोगी पडते. तुम्ही दोन्ही टोकं बोळा घालून बंद केलीत की हवा हेडच्या वरच्या कोपऱ्यात कोंडते. तिथे पाणी नाही म्हणजे तिथलं धातू तापतं, आणि काटा दाखवणारा सेन्सर त्या जागी नसेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. अशा गाड्या आमच्याकडे हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) उडाल्यावर येतात, आणि मालक सांगतो की काटा तर मध्येच होता.

बायपास करायचाच असेल तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडायचे. पाणी आधी जसं फिरत होतं तसंच फिरतं, फक्त थ्रॉटलला वळसा घालून. मधे पितळी जॉइंटर घाला, दोन्ही टोकांना कंगोरे असलेला. माप बहुतेक ८ मिलिमीटर निघेल, पण व्हर्नियरने मोजून घ्या. सैल पाइप क्लिपने आवळून बसवला तर तो पहिल्या घाटात निसटतो. प्लॅस्टिकचा जॉइंटर बाजारात मिळतो, उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतो, मी वापरत नाही. पाइप घेताना दुकानदाराला "कूलंटचा पाइप" असं स्पष्ट सांगा. पेट्रोलचा पाइप दिसायला तसाच काळा असतो, मापही जुळतं, पण गरम कूलंटमध्ये त्याचं रबर टिकत नाही. पारदर्शक पाइप तर कधीच नको, ९० अंशांना तो मऊ पडतो.

क्लिपबद्दल रापण यांनी लिहिलंय ते आमचं रोजचं दुखणं आहे. कंपनीची स्प्रिंगची क्लिप चांगली, कारण रबर गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं आणि ती क्लिप त्याच्याबरोबर उघडझाप करते. स्क्रूची क्लिप एकदा आवळली की तिथेच थांबते. समुद्राकाठी स्क्रूची घालायची वेळ आली तर स्क्रूसकट स्टेनलेस आहे का ते चुंबक लावून बघा. पट्टी चांगली आणि स्क्रू साधा लोखंडी, असं सर्रास मिळतं.

आणि हो, आधी गळती नक्की कुठून आहे ते ठरवा. पाइपाच्या तोंडातून, की बॉडीच्या पोटातल्या पॅकिंगमधून? पापडी एकाच पाइपाच्या तोंडाशी असेल आणि बॉडीच्या सांध्यावर काही नसेल तर हा पाइपाचा आजार आहे. त्यासाठी बायपास कशाला?

लाल_माती :
ताई, जोडायचे हा मुद्दा पटला, मीही जोडलेच होते. पण थ्रॉटल गार राहतं हे मी हाताने अनुभवलंय. त्याचा उपयोग काहीच नाही हे मानायला मन तयार होत नाही.

डोलकाठी :
लाल_माती, तुमचा हात खोटं सांगत नाही. धातू गार झालंय. प्रश्न असा की आतून जाणारी हवा किती गार झाली.

१.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला घाट चढतंय असं धरा. दर दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर हवा ओढली जाते, म्हणजे मिनिटाला १८०० लिटर, सेकंदाला ३० लिटर. थ्रॉटलचं भोक ४५ मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं १६ चौरस सेंटिमीटर. त्यातून ३० लिटर जायला हवेला सेकंदाला सुमारे १९ मीटरचा वेग लागतो. थ्रॉटल बॉडीची लांबी ६-७ सेंटिमीटर. म्हणजे हवेचा एखादा कण त्या गरम भिंतीच्या सहवासात सेकंदाचा साधारण तीनशेवा हिस्सा असतो. एवढ्या वेळात, एवढ्या छोट्या भिंतीकडून, भिंत हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त गरम धरली तरी मला हिशेबात हवेची वाढ एक ते दीड अंश मिळते.

आता त्याची ताकदीत किंमत काढू. हवेची घनता निरपेक्ष तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्विन. त्याचा एक टक्का झाला ३ अंश. दीड अंश गार हवेने फार तर अर्धा टक्का ताकद वाढेल, ८० अश्वशक्तीच्या इंजिनात ०.४. एसीचा कॉम्प्रेसर याच्या कितीतरी पट ओढून घेतो. हा फरक पायाला कळणं शक्य नाही. त्या दिवशी सकाळची हवा गार असेल, गाडीत माणूस कमी असेल, तेवढ्यानेही याहून मोठा फरक पडतो.

सावकाश चालताना हवेचा वेग कमी असतो, तेव्हा ती थोडी जास्त तापते हे खरं. पण तेव्हा आपण पूर्ण ताकद मागतच नसतो.

लाल_माती :
हिशेब समजला. पुढच्या वेळी पडताळून बघेन. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) लावायचं स्वस्त स्कॅनर आहे माझ्याकडे, त्यात इनटेकच्या हवेचं तापमान दिसतं.

डोलकाठी :
जरूर बघा, फक्त सेन्सर कुठे आहे ते आधी तपासा. एअर फिल्टरच्या लगेच पुढे असेल तर तो थ्रॉटलच्या अलीकडची हवा मोजतो आणि बायपासने त्या आकड्यात फरक पडणारच नाही. मॅनिफोल्डवर (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागावर) प्रेशर सेन्सरच्या सोबत असेल तर चालेल.

कातळसडा :
देवगडच्या बाजूला बाग आहे, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूर करावं लागतं. गार हवेचा विषय निघालाच आहे तर थ्रॉटल सोडा आणि एअर फिल्टरच्या डब्यातून निघून रेडिएटरच्या पुढे येणारं काळं नळकांडं बघा. तिथून इंजिन श्वास घेतं. ते आपल्याकडे दोन कारणांनी खराब होतं.

एक, उंदीर. पावसात बोनेटखाली कोरडी उबदार जागा सापडते, आणि ते प्लॅस्टिक कुरतडतात, वायरिंगही सोडत नाहीत. नळकांड्याला मागच्या बाजूने भोक पडलं की इंजिन रेडिएटरमधून तापून आलेली हवा ओढायला लागतं. दोन, कुंभारमाशी. गाडी चार दिवस उभी राहिली की तोंडात मातीचं घरटं. माझ्या पिकअपच्या नळकांड्यातून जांभ्याच्या मातीचा अंगठ्याएवढा गोळा निघाला होता, आत अळ्या आणि सुकलेले कोळी. वरून कातळावरची लाल धूळ फिल्टर भरून टाकते ती वेगळीच. मार्च ते मे मी फिल्टर दर आठवड्याला काढून झटकतो, आणि पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न बघता बदलतो.

डोलकाठी :
कातळसडा यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. बाहेर ३३ अंश असताना गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बोनेटखाली ६० च्या वर सहज जातं. नळकांडं फुटून ती हवा आत गेली तर जवळपास ३० अंशांचा फरक, म्हणजे ताकदीत ९-१० टक्के. शिवाय इनटेकची हवा गरम दिसली की नॉकिंग (इंजिनात ठोके बसणं) टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा टाकतो, तो तोटा आणखी वेगळा. पैसे आणि वेळ तिथे घालवावा.

सप्तलिंगी_काठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पुन्हा बोनेट उघडून ताईंनी सांगितल्याप्रमाणे पाइप शेवटपर्यंत हाताने माग काढत गेलो. पापडी फक्त पाइपाच्या तोंडाशीच आहे, बॉडीचा सांधा कोरडा आहे. पण एक नवीन गोष्ट दिसली. थ्रॉटलमधून बाहेर पडणारा पाइप इंजिनाकडे परत न जाता उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला एका गोल ॲल्युमिनियमच्या डब्याला लागतो, आणि त्या डब्यातून निघून मग मोठ्या पाइपाला टी मारून जोडलाय. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आहे, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं असं तेव्हा वाटलं नव्हतं. तो डबा त्याचाच भाग आहे का?

पाना_पक्कड :
थांबा. काही कापू नका, कोणाला कापू देऊ नका. तो सीएनजीचा रिड्यूसर आहे.

सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरतात. इंजेक्टरला तो दोन-अडीच बारच्या आसपास लागतो. हा सगळा उतार त्या डब्यात होतो, आणि एवढ्या दाबावरून गॅस एकदम मोकळा झाला की तो भयंकर थंड पडतो. त्याला ऊब द्यायलाच इंजिनाचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवतात. चांगलं किट बसवणारे हे पाणी हीटरच्या मोठ्या पाइपातून घेतात. तुमच्या गाडीत किटवाल्याने जवळ सापडली म्हणून थ्रॉटलची लाइन घेतलेली दिसते. पाणी आधी थ्रॉटलमध्ये, तिथून रिड्यूसरमध्ये, तिथून परत.

म्हणजे मेकॅनिकने थ्रॉटलची तोंडं बंद केली असती तर रिड्यूसरचं गरम पाणी तुटलं असतं. थ्रॉटलवर कोकणात बर्फ धरत नाही, डोलकाठी काकांचं सगळं बरोबर, पण रिड्यूसर मे महिन्यात भर दुपारी गोठतो. बाहेरून पांढरा दंव धरतो, हात लावला की बोट चिकटल्यासारखं होतं. आतला पडदा कडक होतो, गॅसचा दाब पडतो, गाडी झटके मारते आणि आपोआप पेट्रोलवर जाते. ज्याला माहीत नाही तो इंजेक्टर, प्लग, कॉइल सगळं बदलतो. कणकवलीच्या पुढे चढावर बंद पडलेली अशी एक गाडी आम्ही ओढून आणली होती. बोनेट उघडलं तेव्हा उन्हात रिड्यूसरवरून वितळलेल्या दंवाचे थेंब टपकत होते. कोणीतरी गळती थांबवायला लाइन बंद केली होती.

हायवेवर आता सीएनजीचे पंप झाल्यापासून आपल्याकडे किटवाल्या गाड्या झपाट्याने वाढल्यात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितेय. कूलंटच्या कुठल्याही बारीक पाइपाला हात लावण्याआधी तो कुठून येतो आणि कुठे जातो ते बोटाने माग काढून बघा.

सप्तलिंगी_काठ :
ताई, वेळेवर सांगितलंत. मग माझ्या बाबतीत काय करू? दोन्ही पाइप बदलायचे आणि थ्रॉटलची लाइन आहे तशी ठेवायची?

पाना_पक्कड :
होय. थ्रॉटल ते रिड्यूसर आणि रिड्यूसर ते टी, हेही पाइप त्याच वयाचे असणार, सगळेच बदला. टीचा सांधा प्लॅस्टिकचा असेल तर तो पितळी करून घ्या. इंजिन पूर्ण गार असताना बाटलीचं झाकण उघडायचं, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते. गरम असताना आत साधारण एक बार दाब असतो आणि पाणी १०० च्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. घाटात दरवर्षी कोणीतरी भाजतं.

पाइप बदलल्यावर गाडी घरासमोरच्या चढावर नाक वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, आणि बाटलीत कूलंट घालत इंजिन चालू ठेवा. मधून मधून मोठा पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा आली आणि रिड्यूसरही हाताला कोमट लागला म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं. गार झाल्यावर पातळी परत बघायची. शंका असेल तर कोणाकडे बाटलीवर लावायचा हातपंप आणि गेज असेल त्याच्याकडून गार इंजिनावर दाब भरून घ्या. काटा दहा मिनिटं हलला नाही तर गळती नाही.

हर्णैचा_वारा :
एक उपप्रश्न. आमच्याकडे सर्रास विहिरीचं पाणी ओततात रेडिएटरमध्ये. "आपल्याकडे काय बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हेही त्याच धर्तीचं वाक्य आहे.

डोलकाठी :
त्याच धर्तीचं आणि त्याहून महाग पडणारं. कूलंटमधलं ग्लायकोल फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं. अर्धं ग्लायकोल अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि एक बारच्या झाकणाखाली १२९ च्या आसपास. नुसतं पाणी त्याच झाकणाखाली १२० ला उकळतं. घाटात मे महिन्यात हेच अंश कामाला येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातली गंजरोधक द्रव्यं. आजचं इंजिन, रेडिएटर, थ्रॉटल, रिड्यूसर सगळं ॲल्युमिनियमचं. खाडीकाठच्या विहिरी मचूळ असतात, त्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पाडतं. जहाजावर थंडाव्याच्या पाण्यात समुद्राचं पाणी शिरलं का हे बघायला आम्ही नियमाने क्लोराइड तपासायचो, ते याच कारणाने. गाडीत तयार मिश्रण घाला, किंवा घट्ट कूलंट घेऊन डिस्टिल्ड पाण्यात कालवा. रंगावरून जात ओळखू नका, हिरवं म्हणजे सगळं एकच असं नसतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या. वाटेत पाणी संपलं आणि विहिरीचंच घालावं लागलं तर घाला, इंजिन वाचवणं आधी, पण घरी आल्यावर सगळं काढून बदला.

कातळसडा :
आणि काढलेलं कूलंट व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. डब्यात भरून झाकण लावून गॅरेजवर द्या.

सप्तलिंगी_काठ :
काम झालं. मेकॅनिककडे हा धागा मोबाइलवर उघडून नेला. त्याने सगळं शांतपणे वाचलं, रिड्यूसरचा पाइप स्वतः हाताने माग काढून बघितला आणि म्हणाला की सीएनजीची ही लाइन थ्रॉटलवरून घेतलेली त्याने आधी पाहिली नव्हती. रत्नागिरीहून कूलंटचा पाइप मीटरने आणला, सगळेच तुकडे बदलले, टी पितळी केला. जुना पाइप निपलवरून (पाइप चढवतात त्या नळीवरून) काढला तेव्हा आतल्या बाजूने रबर सोलून निपलला चिकटून राहिलं होतं. ते ब्लेडने न खरवडता बारीक पॉलिश पेपरने साफ केलं, म्हणजे निपलवर चरे पडणार नाहीत. नळकांडंही बघितलं, ते धड आहे, फिल्टर मात्र लालभडक होता, बदलला. पातळी आता रेघेवर स्थिर आहे आणि गॅसवर आंबा घाट चढताना रिड्यूसर कोमट राहतोय.

रापण :
छान झाला. आता माझा सांगतंय. गाडी जुनी, केबलवाली थ्रॉटल, सीएनजी नाय. गळती पाइपातसून नाय, बॉडीच्या खालच्या प्लेटीतसून येता. पॅकिंग खय गावत नाय. माका बायपास करूक हरकत आसा काय?

पाना_पक्कड :
तुमच्या बाबतीत बायपास योग्य दुरुस्ती ठरू शकते, आणि ती टाळूही नका. ती प्लेट आतल्या बाजूने गळायला लागली तर कूलंट थेट इंजिनात ओढलं जातं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. पण जुन्या केबलवाल्या थ्रॉटलमध्ये एक गोष्ट आधी बघा. काही बॉडींच्या पोटात मेण भरलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो जास्तीची हवा सोडतो, म्हणून सकाळी रेस चढलेली असते. कूलंट गरम झालं की मेण फुगतं, व्हॉल्व्ह बंद होतो, रेस खाली येते. अशा बॉडीचं पाणी तोडलं तर त्याला इंजिन तापल्याचं कळतच नाही आणि आयडलिंग बराच वेळ चढलेलंच राहतं, पेट्रोल जातं, उतारावर गाडी थोपत नाही.

म्हणून आधी पाइप जोडून तात्पुरता बायपास करा. गाडी पूर्ण गरम होऊन पंखा लागेपर्यंत उभी चालू ठेवा आणि आयडलिंग बघा. नेहमीच्या जागी आलं तर तुमच्या बॉडीत तो व्हॉल्व्ह नाही किंवा पाण्यावर चालणारा नाही, जोडणी पक्की करून टाका. चढलेलंच राहिलं तर पाइप परत लावा आणि पॅकिंगची वाट बघू नका. प्लेट काढून आणा, कूलंटला चालणाऱ्या पॅकिंग शीटमधून मी कापून देते, अर्ध्या तासाचं काम आहे.